सड्यावर सावली नसते

मे महिन्यात आमच्या हर्णैला
हवा अंगाला लागत नाही, चिकटते.
घाटावरचे पाहुणे म्हणतात, चौतीसच तर आहे,
आमच्याकडे बेचाळीस.
म्हणोत.
त्यांचा घाम निदान उडून जातो.
इथला कोपरावरून ठिबकतो, बुटात साचतो,
आणि जो घाम वाळत नाही
तो गारही करत नाही,
एवढं कळायला मला
एक्केचाळीस वर्षं लागली
आणि मासळीचा एक टेम्पो.

त्या रविवारी जाग उशिरा आली.
आदल्या रात्री पतपेढीचा ताळेबंद अडला होता,
सोळा रुपयांपायी साडेबारा वाजले.
पण पंधरा किलोमीटर ठरलेले होते,
आणि ठरलेलं मोडायचं नाही ही खोड
मी गुण म्हणून मिरवत आले होते.
पावणेनऊला निघाले.
गावामागची घाटी चढून वर सड्यावर.

सड्यावर सावली नसते.
तापलेला जांभा असतो,
त्याच्या भोकांतून वाळकं गवत,
मध्येच करवंदीची एखादी जाळी,
जिच्याखाली ससासुद्धा अर्धाच मावेल.

मनगटावर घड्याळ थरथरलं: वेग कमी झाला.
मी वाढवला.
करवंदांच्या पाट्या घेऊन उतरणाऱ्या बायकांतली एक म्हणाली,
"कोन मागं लागलंय गो तुझ्या?"
मी हसले.
निदान हसायचं ठरवलं असावं.

मग अंगावर काटा आला.
त्या उन्हात, पौषातल्यासारखा.
मला वाटलं, खारा वारा सुटला, बरं झालं.
किलोमीटरचे दगड मी खात्यांसारखे वाचू लागले,
जमा, नावे, जमा,
सोळा रुपये कुठे गेले ते आता सापडणार
इतक्यात रस्ता उभा राहिला
आणि माझ्या गालाला येऊन टेकला.

पुढचं ऐकीव.
मुर्तुझा परकार बंदरातून माल भरून दापोलीला निघाला होता.
त्याने मला पाणी पाजलं नाही.
शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये,
हे कुठे शिकलास विचारलं तर म्हणतो,
"बोटीवर. आमचा तांडेल पडला होता एकदा."
क्लीनर म्हणे, आधी दवाखाना.
मुर्तुझा म्हणे, "आधी गार.
दवाखाना काय पळून जातोय?"
क्रेट बाजूला सारले
आणि बर्फाच्या चुऱ्यात, बांगड्यांच्या रांगेत,
मला गळ्यापर्यंत निजवलं.
मग टेम्पो हाकला.

डॉक्टरीणबाईंनी मला ओरडण्याआधी
त्याला चहा पाजला.
घरचं मांजर, एरवी मला न विचारणारं,
तीन दिवस उशाशी बसून होतं.

आता पाचला निघते.
होड्यांचे दिवे तेव्हा पाण्यावरच असतात.
ओहोटीची ओली वाळू, मग सुरूचं बन,
नळाखाली भिजवलेली टोपी,
कमरेला कोकम, मीठ, चिमूटभर साखर.
उन्हाळा लागला की पहिले दहा-बारा दिवस
थोडी धावते, थोडी चालते,
अंगाची आणि उन्हाची ओळख होऊ देते.
डोकं हलकं झालं, काटा आला,
की जी पडवी दिसेल तिथे बसते, न विचारता.
कुणी अजून उठवलेलं नाही.
घड्याळ थरथरतं.
थरथरू दे.

परतताना बर्फाच्या कारखान्यापाशी
मुर्तुझा लाद्या चढवत असतो.
"जागा ठेवू काय आत?"
आज नको, म्हणते.

तोवर सड्यामागून सूर्य वर आलेला असतो
आणि ठरलेल्यातले चार किलोमीटर बाकी असतात.
बाकीच राहतात.
त्यांची नोंद
मी कुठल्याच वहीत करत नाही.